खाली घेतलेली गाडी

गाडी उभी केली की ते पुढच्या चाकाशी वाकायचे आणि टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हाताची बोटं आडवी घालून बघायचे. किती बोटं मावतात ते पाहून मान हलवायचे आणि मग मागच्या चाकाकडे जायचे. चारी चाकं बघून झाल्यावरच गाडीला कुलूप लागायचं. साठीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस रोज असं करताना दिसला असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. सुरतेत गाडी खाली घेण्याचं वेड असतं ते विशीतल्या पोरांना. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घ्यायची, मोठ्यानं गाणी लावायची आणि संध्याकाळी डुमसच्या रस्त्यावर फिरवायची. या वयात यांना हे काय सुचलं, असं गोडादऱ्यातली आमची अख्खी गल्ली विचारत होती.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते मूळचे नंदुरबारकडचे. तरुणपणी लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले, आणि लूमच्या आवाजानं एक कान गेला तेव्हा ते काम सोडून त्यांनी गाडी घेतली. जुनी, उंच, आठ माणसं बसतील अशी. लग्नसराईत, सणासुदीला इथल्या खान्देशी कुटुंबांना नवापूर, नंदुरबार, शहाद्याला पोचवायचं, हाच त्यांचा धंदा. मी परभणीची. घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करते. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. दुपारी साड्यांचा गठ्ठा उचलून मी भाऊंच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे जाऊन बसायची. त्यांचे हात तेव्हा चांगले चालायचे. माझ्याआधी त्यांची साडी पुरी व्हायची.

वहिनींच्या पायांतली ताकद मात्र चालली होती. आधी जिना सुटला, मग उंबरा ओलांडणं, मग उभं राहणं. हे हळूहळू वर चढत जाणार आणि याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. चाकांची खुर्ची आली. घरात तिच्यावर भागायचं, पण गाडीची सीट त्या खुर्चीपेक्षा फारच उंच. त्यामुळे दवाखान्यात जायचं तर भाऊ त्यांना दोन्ही हातांवर उचलून बसवायचे आणि ओट्यावरची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची.

एकदा दवाखान्यातून परतल्यावर मी पाणी घेऊन गेले, तेव्हा वहिनी भाऊंना म्हणाल्या, "माले पोतानागत उचलू नका. आते मी कोठेच येत नही."

त्या घरी अहिराणीच बोलायच्या. आवाज चढला नव्हता, पण भाऊंच्या हातातली किल्ली तशीच राहिली. त्यानंतर वहिनी खरंच बाहेर पडल्या नाहीत. देवळात नाही, बाजारात नाही, गल्लीतल्या हळदीकुंकवाला नाही. औषधं भाऊच आणायचे.

मग लहान गाडी का घेतली नाही, असं तुम्ही म्हणाल. भाऊंनी ते बघून झालं होतं. त्यांची जुनी गाडी विकून जे आलं असतं, त्यात धड चालणारी लहान गाडी मिळत नव्हती. म्हणून त्यांनी सुतळीनं चाकांच्या खुर्चीची उंची मोजली, ती सुतळी खिशात घातली आणि लिंबायतच्या एका गॅरेजवर गेले.

तिथला मिस्त्री गुजराती. तो हसून म्हणाला, "काका, आ उंमरे गाडी नीची करवी छे?"

"आपल्याला कुठं शर्यत लावायचीय," भाऊ म्हणाले. "सीट या सुतळीच्या बरोबरीला आली पाहिजे, तेवढं कर."

ही गोष्ट ते स्वतःच मला रंगवून सांगायचे. 'आपल्याला कुठं शर्यत लावायचीय' हे त्यांचं नेहमीचंच होतं. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी तेच, भाजी शिजायला वेळ लागला तरी तेच.

गाडी खाली घ्यायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंग कापणं. मिस्त्रीनं चारी स्प्रिंगांचे वेढे कापले आणि गाडी खाली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी ती दारात आणून लावली. वहिनींची खुर्ची मी ढकलत नेली आणि सीटला चिकटवून उभी केली. खुर्ची आणि सीट एका रेषेत आली होती. वहिनींनी आम्हा दोघांनाही पाठ फिरवायला सांगितली. मी भिंतीकडे तोंड केलं. भाऊ आकाशाकडे बघत उभे राहिले. मागे कापडाची सळसळ झाली, धाप लागल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. भाऊंच्या मानेची शीर ताणलेली मला दिसत होती, पण ते वळले नाहीत.

"बठी गऊ मी," वहिनी म्हणाल्या.

आम्ही वळलो तेव्हा त्या सीटवर बसून हातांनी आपला एक पाय आत ओढून घेत होत्या. दुसरा राहिला होता. तोही त्यांनीच आत घेतला आणि दार स्वतः लावलं.

त्या दिवशी ते दोघं डुमसला समुद्रावर जाऊन आले. संध्याकाळी वहिनींनी हसत सगळं सांगितलं. नंतर भाऊ बाहेर गेल्यावर मला दार लोटायला सांगून त्या पालथ्या झाल्या. "जरा तेल लाव. त्यासले सांगू नको." कापलेल्या स्प्रिंगांनी गाडी लाकडासारखी कडक झाली होती. रस्त्यावरचा खड्डा न खड्डा त्यांच्या पाठीत शिरला होता. मी भाऊंना काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. गाडी चालवताना त्यांनी दारावरची कडी घट्ट धरलेला वहिनींचा हात पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा गॅरेजवर गेली. हलक्या गाडीच्या जुन्या, नरम आणि आखूड स्प्रिंगा भंगार बाजारात मिळतात, त्या बसवल्या तर गाडी खालीही राहते आणि आपटतही नाही, असं मिस्त्री म्हणाला. पण मग आठ माणसांचं वजन तिला पेलणार नव्हतं. शिवाय त्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉक अब्सॉर्बर घ्यायला भाऊंकडे तेवढे पैसेही नव्हते. भाऊंनी मागच्या सगळ्या सीटा काढून विकायला सांगितल्या. आलेल्या पैशांत स्प्रिंगा आल्या.

ते काम चाललं होतं तेव्हा मी लेसची रिळं आणायला त्याच बाजूला गेले होते. मिस्त्री गाडी चालवत होता आणि भाऊ वहिनींच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. खड्ड्याखड्ड्यांतून एक फेरी मारून गाडी परत आली. "डावीकडं अजून आपटतंय," डोळे न उघडताच ते म्हणाले. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा चाक काढायला घेतलं. तोवर त्यालाही गाडी कुणासाठी आहे ते कळलेलं होतं. मग त्यानं चेष्टा केली नाही.

धंदा अर्थातच गेला. लग्नासाठी गाडी विचारायला कुणी आलं की भाऊ म्हणायचे, "आता तिच्यात दोघंच मावतो आम्ही." पोटासाठी त्यांनी सुरतेजवळच्या सचिन या कारखान्यांच्या गावातल्या एका मिलमध्ये दिवसपाळीची चौकीदारी धरली. दुपारी वहिनींजवळ मी असायचीच. पाचनंतर ते यायचे, तोंड धुवायचे आणि गाडी दारात लागायची.

गाडीचं पोट गतिरोधकावर घासायचं. म्हणून भाऊ ती तिरकी घालून एकेक चाक चढवायचे आणि मागे रिक्षांची रांग लागायची. वहिनी काचेतून हात बाहेर काढून भाजीवालीकडून वांगी निवडून घ्यायच्या, एखादं किडकं निघालं तर परत द्यायच्या. तापीच्या पुलाजवळ गाडी लावून दोघं ऊस चोखत बसायचे. एकदा मलाही नेलं. मागे सतरंजीवर बसले होते मी. वहिनी सारखं काहीबाही बोलत होत्या. भाऊ चांगला कान त्यांच्याकडे करून ऐकत होते.

असं एक वर्ष गेलं, आणि वरती थोडं. मग वहिनींच्या हातांतली ताकदही जायला लागली. आधी सुई सुटली. नंतर सीटवर सरकताना हात थरथरायला लागले, तेव्हा भाऊंनी मधे एक गुळगुळीत फळी टाकली. त्या फळीवर काही महिने निघाले.

थंडीत त्यांना ताप आला, छाती भरली. भाऊंनी गाडी दारात आणली, पण वहिनींना बसताच येईना. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. ती उंच होती. दोन माणसांनी वहिनींना स्ट्रेचरवर उचललं आणि आत सरकवलं. गल्ली ओट्यांवर उभी होती. भाऊ शेजारी उभे राहून आपल्या पंच्यानं त्यांचं तोंड लोकांच्या नजरेआड करत होते. दवाखान्यातून वहिनी परत आल्या नाहीत.

वहिनींचे दिवस झाल्यावर लोक भाऊंना सांगायला लागले, गाडी वर घ्या, सीटा बसवा, धंदा सुरू करा. "घेऊ," ते म्हणायचे. एके दिवशी गॅरेजवर जाऊनही आले. गाडी होती तशीच होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मिस्त्रीनं विचारलं, किती वर घेऊ? मला सांगताच येईना."

नंदुरबारला दिलेली त्यांची मुलगी किती दिवस बोलवत होती. उन्हाळ्यात त्यांनी खोली सोडली. सामान फारसं नव्हतं, तरी कपाट, भांडी, पाण्याची टाकी असं करत गाडी भरली आणि मागून चांगलीच बसली. गल्लीच्या तोंडाशी, सोसायटीच्या फाटकात नवा सिमेंटचा चढ केलेला होता. गाडीचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग आम्ही शेजाऱ्यांनी सगळं सामान उतरवलं. रिकामी गाडी हळूच रस्त्यावर काढली आणि एकेक वस्तू डोक्यावरून बाहेर नेऊन पुन्हा भरली.

शेवटी एक गादीची वळकटी राहिली. मागे तिला जागा नव्हती. मी ती हातात धरून पुढच्या दाराशी उभी राहिले. वहिनींच्या सीटवर ठेवायला हात होईना. पायाशी बसते का बघावी म्हणून मी वाकले.

"तिथं नको, सीटवर ठेवा," भाऊ म्हणाले. "रिकामी सीट बघत नंदुरबारपर्यंत गाडी चालवणं मला जमायचं नाही."

मी वळकटी सीटवर उभी केली. त्यांनी तिच्यावरून पट्टा ओढून लावला, दार लोटलं आणि ते नीट लागलंय का ते एकदा बाहेरून ओढून बघितलं.