डोंगरावरची हजेरी

माळावरून फिरून घरी आलं की पायमोज्याला कुसळं चिकटलेली दिसतात. ती कधी चिकटली ते कळत नाही, आणि एक उपटायला गेलं की शेजारची बोटाला टोचतात. किश्शांचं तसंच आहे. परवा मी एका मित्राला एकच सांगायला बसलो होतो. त्याचा चहा निवला, दुसरा मागवला, तोही निवला. शेवटी तो म्हणाला, "लिहून काढ आणि मला सोड."

तर आमचा गट म्हणजे सोलापुरात रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे रिटायर्ड लोक. बहुतेक सगळे एकाच सरकारी ऑफिसातले. तिथं आम्ही जन्मभर बसून काम केलं, म्हणून आता डॉक्टरांनी चालायला लावलं आहे. गटाचे प्रमुख होटगीकर अण्णा. ते आमचे हेडक्लार्क होते, आणि आपण रिटायर झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. रोज सकाळी ते आमची हजेरी घेतात, तोंडपाठ आणि सीनिऑरिटीप्रमाणे. ज्याला यायचं नाही त्यानं आदल्या दिवशी रजा सांगायची. एकानं एकदा 'चालायचा कंटाळा आलाय' असं खरं कारण सांगितलं. रजा नामंजूर झाली. 'प्रकृती अस्वास्थ्य' म्हणाला असता तर मिळाली असती.

*

मैदानाच्या फाटकाशी दर रविवारी एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसायची. नाव सुनंदा. बार्शी सोडून घाट चढला की बालाघाटाचं पठार लागतं, तिथं वर तिचं शेत. एकदा ती बराच वेळ आमच्याकडं बघत होती. शेवटी मला म्हणाली, "काका, रागावू नका. तुमी रोज गोल गोल फिरताय, एकदा सरळ चला की."

"सरळ कुठं?"

"आमच्या डोंगरावर. सकाळी गाडीनं जायचं, शेत बघायचं, जेवायचं, सांजच्याला माघारी. मी असते की संगं, सगळं दावते."

मग तिनं मनातलं सांगितलं. नवरा धनाजी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला. तिथंच चौघांत एक खोली करून राहायचा, महिन्यातून एकदा घरी. सासूचं म्हणणं, हा काही संसार नव्हे. जमीन वाट्यानं लावावी आणि सुनेनं चिंचोळीला नवऱ्याजवळ जाऊन राहावं. सुनंदाचं म्हणणं, शेत बघायला माणसं यायला लागली तर नवराच वर येईल. दोघींच्या भांडणात गुढीपाडव्यापर्यंतची मुदत ठरली होती. तोवर जमलं तर सुनेचं खरं, नाही तर सासूचं.

अण्णांनी गंभीरपणे विचारलं, "मुदतवाढीची तरतूद आहे का?"

"तुमी माझ्या सासूला बघितलं न्हाय अजून," सुनंदा म्हणाली.

*

पहिल्या ट्रिपला आम्ही सगळे गेलो. सोलापूरच्या माणसाला 'डोंगर' म्हटलं की तो लगेच थंडीची तयारी करतो, कारण थंडीची त्याला सवय नसते, फक्त हौस असते. अण्णा स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून आले. गाडीत नुसते डोळे दिसत होते, पण हजेरी त्या टोपीतूनच झाली.

वर पोचलो तेव्हा वारा छान होता, पण ऊनही चांगलं तापलं होतं. अण्णा घामानं निथळायला लागले. मी म्हटलं, "टोपी तरी काढा."

"नाही," अण्णा म्हणाले. "घरी सांगून आलोय, तिथं कडाक्याची थंडी असते म्हणून."

सुनंदानं मोबाईलवर कुठं तरी बघितलं होतं की गाईडच्या हातात झेंडा असतो. तिनं एका काठीला टॉवेल बांधला होता आणि तो उंच धरून ती पुढं चालत होती. आमचा नरसय्या विणकरांच्या घरातला. नोकरी कारकुनाची केली, पण घरात माग अजून चालू आहेत. तो झपाझप पुढं गेला. आम्हाला वाटलं, काही तरी शेतीबद्दल विचारणार. त्यानं टॉवेलाचा काठ दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाला, "ताई, सोलापूरची माणसं परगावच्या टॉवेलामागं चालवता व्हय?"

दुसऱ्या ट्रिपला तो घरचा टॉवेल घेऊन आला. तेव्हापासून झेंडा तोच.

*

हुरड्याच्या दिवसांत गेलो तेव्हाची गोष्ट. सुनंदाची सासू आगटीपाशी बसून कणसं भाजत होती आणि गरम हुरडा चोळून ताटलीत घालत होती. आम्ही गोल करून बसलो. पहिली ताटली आली ती सगळ्यात ज्युनिअर माणसासमोर. तो कसा आधी खाणार? त्यानं ती शेजारच्याला दिली. शेजारच्यानं त्याच्या वरच्याला. अशी ती अण्णांपर्यंत गेली. अण्णांनी 'सर्वांनी घ्यावे' असं म्हणून चार दाणे उचलले आणि ताटली खाली सोडली. ती पुन्हा एकेक पायरी उतरत ज्युनिअरपर्यंत आली, तोवर हुरडा थंडगार. म्हातारीनं दुसरी ताटली दिली. तीही त्याच मार्गानं वर गेली.

तिसऱ्या वेळी म्हातारीनं ताटली हातातच धरली.

"अवं, हुरडा हाय ह्यो, फाईल न्हाय," ती म्हणाली. "माझं रेशनकार्ड असंच फिरलं तुमच्यात. हातात आलं की खावा."

त्या दिवशी ज्युनिअर माणसानं आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या आधी काही तरी खाल्लं. त्याला ठसका लागला, तो भाग वेगळा.

*

सुनंदा सगळं दाखवायची, पण बोलताना अडखळायची. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी, सुचायचं नाही. अण्णा म्हणाले, "मसुदा आम्ही करून देतो." आम्ही पाचसहा जण बसलो आणि आठवडाभर त्यावर चर्चा केली. तिनं तो पाठ केला आणि पुढच्या ट्रिपला टॉवेल उंच धरून खणखणीत आवाजात म्हणून दाखवला:

"सदर विहीर ही शेताच्या ईशान्येस असून बारमाही आहे. उपरोक्त विहिरीलगत गोठा असून त्यात सद्यःस्थितीत दोन म्हशी कार्यरत आहेत."

आम्हाला फार बरं वाटलं. तेवढ्यात सासू चुलीपुढून धावत आली, हाताला पीठ तसंच.

"सुनंदे, जप्ती आली व्हय गं म्हशींवर?"

मसुदा बदलू या असं मी सुचवलं. सुनंदा नको म्हणाली. त्या दिवशी गाडीत नवीन आलेली चार माणसं होती, ती 'कार्यरत म्हशी' ऐकून इतकी हसली होती की पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन येतो म्हणाली. तेव्हा मसुदा कायम झाला. आम्ही विनोदी लिहिलंय हे आम्हाला तेव्हा कळलं.

*

जेवणानंतर सगळे चिंचेखाली आडवे व्हायचे. एका दुपारी नरसय्या सापडेना. अण्णांनी हजेरी घेतली; गैरहजर. विहिरीत डोकावून बघितलं. शेवटी तो ओसरीवर सापडला. म्हातारीचं सुंभाचं बाजलं त्यानं पूर्ण उसवून ठेवलं होतं, आणि सगळा सुंभ मांडीवर घेऊन तो बसला होता.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"आडवा-उभा चुकलेला होता," तो म्हणाला. "माणसाला झोप कशी लागायची?"

म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "आता मी निजू कशावर?"

"विणून देतो की. बसा."

संध्याकाळ झाली तरी तो विणतच होता. आमचा ड्रायव्हर इक्बाल हॉर्न वाजवून दमला. शेवटी बाजलं तयार झालं. म्हातारी त्यावर आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळली.  मग डोळे न उघडताच सुनंदाला म्हणाली, "आपला माणूस चिंचोळीला जाऊन कंपनी चालवतुया, आणि घरचं बाजलं ईणायला सोलापूरचा माणूस यावा लागतुया."

चिंचोळीविरुद्ध सासू एवढं तरी बोलली, याचंच सुनंदाला फार अप्रूप वाटलं.

*

सगळ्या ट्रिपा अशा झाल्या नाहीत. लग्नसराईत एका रविवारी गाडीत आम्ही तिघंच होतो: अण्णा, नरसय्या आणि मी. तरी अण्णांनी हजेरी सुरू केली. नाव घ्यायचं, थांबायचं, "गैरहजर" म्हणायचं, पुढचं नाव. इक्बालनं आरशातून बघितलं.

"क्या अण्णा, तीनच मानसां बैठे हैं. इत्ते नामां कायकू पुकारते?"

"उद्या कोणी विचारलं तर?" अण्णा म्हणाले.

वर पोचल्यावर सुनंदानं टॉवेल उंच धरला. तिघांसाठी. सदर विहीर, उपरोक्त गोठा, काही गाळलं नाही. सासू ओसरीवरून बघत होती. जेवायला वाढताना ती सुनेला एवढंच म्हणाली, "पाडवा लांब न्हाय राहिला." सुनंदानं आम्हाला भाकरीचा आग्रह केला आणि आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. कडक भाकरी तशीही आवाज करते. त्या दिवशी जरा जास्तच करत होती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर हजेरी झाल्यावर त्यांनी तोंडी आदेश काढला. कालची गैरहजेरी माफ होईल, पण प्रत्येकानं पुढच्या ट्रिपला एक बाहेरचा माणूस आणायचा. 'बाहेरचा' म्हणजे कोण, यावर अर्थात अर्धा तास चर्चा झाली. सून बाहेरची धरायची की घरची? अण्णांनी निर्णय दिला: "सून बाहेरची नाही. विहीण चालेल."

पुढच्या रविवारी गाडीत इतक्या विहिणी होत्या की इक्बाल घाटात फार जपून गाडी चालवत होता. वर त्यांनी म्हातारीशी सुनांविषयी दिवसभर गप्पा मारल्या. म्हातारी संध्याकाळी म्हणाली, "ह्या बायांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकली आणि माझी लईच बरी वाटाया लागली."

विहिणींनी आपापले भिशी ग्रुप आणले. भिशीवाल्यांनी सोसायट्या आणल्या. चिंचेचे दिवस आले तेव्हा शहरातली माणसं रांगेत बसून म्हातारीच्या चिंचा फोडून देत होती, आणि जाताना 'मजा आली' म्हणत होती. म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही माणसं घरी उपाशी असत्यात व्हय?"

*

पाडव्याच्या आधीच्या रविवारची ही शेवटची गोष्ट.

त्या दिवशी इक्बालनं नेहमीचा बार्शी रस्ता सोडून गाडी पुणे रोडला घेतली. अण्णांनी कारण विचारलं. "एक सवारी है," तो म्हणाला. चिंचोळीच्या फाट्यावर गाडी थांबली. आम्ही सगळे पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन निघालेले. हा माणूस चढला तो वळकटी, पत्र्याची पेटी, बादली आणि टेबलफॅन घेऊन. सुनंदा आदल्या दिवशी चिंचा विकायला सोलापुरात आली होती, ती पुढच्या सीटवर होती. तिनं एकदा फॅनकडं बघितलं, मग खिडकीबाहेर.

"नाव?" अण्णांनी विचारलं.

"धनाजी."

"एक दिवसाच्या ट्रिपला एवढं सामान?"

"असू दे म्हटलं."

अण्णांनी त्याचं नाव हजेरीत सगळ्यात शेवटी घातलं. सगळ्यात ज्युनिअर.

वर गेल्यावर सुनंदानं टॉवेल उंच धरला, तोंड उघडलं आणि तिला पहिला शब्द आठवेना. तेव्हा मागून नरसय्या म्हणाला, "सदर विहीर." मग आम्ही सगळेच सुरू झालो, शाळेत कविता म्हणतात तसे: ही शेताच्या ईशान्येस असून बारमाही आहे. गोठ्यापाशी आलो तेव्हा तिला आवाज फुटला. मागच्या रांगेतून धनाजीनं विचारलं, "ह्या म्हशींची नावं काय म्हणायची?"

"प्रश्न शेवटी इचारा," ती म्हणाली.

म्हातारीनं लेकाला बघितलं, त्याच्या सामानाला बघितलं. "बादली हाय की घरात," एवढंच बोलली, आणि ती बादली उचलून स्वतःच आत घेऊन गेली.

संध्याकाळी गाडी भरली. अण्णांनी हजेरी घेतली. सगळे हजर. शेवटचं नाव घेतलं, "धनाजी." पुन्हा घेतलं. मागची सीट रिकामी होती.

"एक माणूस कमी आहे," अण्णा म्हणाले. "गाडी सोडता येणार नाही."

सुनंदा खाली दाराशी उभी होती, टॉवेलाची काठी खांद्यावर. "बरोबर हाय, अण्णा," ती म्हणाली. "जावा तुमी."

"बरोबर कसं? सकाळी होता, आता नाही."

त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं, मैदानावर घेतात तसं मोठ्यांदा. गोठ्यातून बादलीत धारा पडल्याचा आवाज येत होता. तो थांबला, आणि आतून कुणी तरी म्हणालं, "हजर."

इक्बाल आरशातून अण्णांकडं बघत राहिला. आम्हीही. अण्णांनी खिडकीतून गोठ्याकडं बघितलं, सुनंदाकडं बघितलं, थोडा विचार केला.

"बदली," ते म्हणाले, आणि त्यांनी काच लावून घेतली. "चल इक्बाल."