पोर्ट स्कॅन कुणी केला?

मंडळी, तुम्हाला विचारल्याशिवाय राहवत नाही.

मी इकडे तमिळ मुलखात तिरुभुवनम् रस्त्यावरच्या रेशमी साड्यांच्या दुकानात कॉम्प्युटर सांभाळतो. आज दुपारी अँटिव्हायरसचा लाल इशारा आला: ‘पोर्ट स्कॅन अडवला.’ म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरचं एकेक दार ठोठावून कुठलं उघडं आहे ते बघत होतं. सोबत दिलेला स्कॅन करणाऱ्याचा आयपी पत्ता आमच्याच वायफायवरचा होता.

दुकानाचे मालक अण्णा आमच्यासारखेच घरी मराठी बोलणारे. समोर तमिळ गिऱ्हाइकं होती, म्हणून मी त्यांना मराठीतच सांगितलं.

“म्हणजे घरांतलाच चोर की रे! ती सेल्वी सारखी फोनांत डोकं घालून असते.”

बिलं करणाऱ्या सेल्वीला मराठी येत नाही. आम्ही तिच्याकडे बघून बोलतोय, एवढंच तिला दिसलं. अण्णांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती डबा उचलून गेली.

मग मी तो पत्ता वहीत लिहून एकेक फोन, प्रिंटर, कॅमेरा ताडून पाहिला. पत्ता माझ्याच फोनचा निघाला. वायफायवर कोण कोण आहे ते बघायला सकाळी मीच एक ॲप घेतलं होतं. दारं तेच ठोठावत होतं.

अण्णांना लगेच सांगितलं.

“परत बोलावलं तर माझा मान काय राहील रे? गप्प बस.”

सेल्वीला पाठवायला तमिळमध्ये तीनदा मेसेज लिहिला, तीनदा खोडला. तुम्ही पहिलं वाक्य काय लिहिलं असतं?