धर्माकाकांची मोजणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. लपवण्याजोगं काही फार मोठं होतं, असंही नाही – प्रोग्रामची एक ओळ. पण तिच्यामागे एक माणूस आहे.

मी अलिबागजवळच्या एका कॉलेजात गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी आमच्या गावाने तळ्यातला गाळ काढायचं ठरवलं. त्याआधी तळ्यात पाणी किती मावतं, ते हवं होतं. हिशोब मी करणार होते, कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून. तळ्याचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाची खोली धरायची, लांबी-रुंदीने बेरीज करत जायची – दुहेरी इंटिग्रल, दुसरं काय? खोली मोजायला थळचे धर्माकाका आले. पासष्टी उलटलेले, जन्म होडीत गेलेला. शिसं बांधलेली दोरी सोडायचे, आकडा सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे.

उत्तर भलतंच मोठं आलं. ग्रामपंचायतीच्या बैठकीत सरपंचबाईंनी विचारलं, "मॅडम, आपल्या तळ्यात एवढं पाणी मावेल तरी कसं?"

मी क्षणभरही थांबले नाही. "खोलीच चुकीची मोजली असणार."

का म्हणाले? प्रोग्राम तपासलाही नव्हता. काका मागे बसले होते. ते उठून म्हणाले, "बाय, दोरी माझ्याच हातान व्हती. चुकायची न्हाय."

कुणीतरी हसलं. ठरलं – पुन्हा मोजायचं. दोन दिवस, भर उन्हात, काकांनी तळं पुन्हा मोजलं. या वेळी प्रत्येक आकडा ते दोनदा बघत होते.

नवे आकडे जुन्यांशेजारी ठेवले, तर ते जवळजवळ तेच! मग मात्र मी प्रोग्राम उघडला. आमचं तळं मध्ये रुंद, टोकांना निमुळतं. आतल्या, म्हणजे रुंदीच्या, बेरजेची हद्द चौकोनांच्या प्रत्येक पट्टीला बदलायला हवी होती. मी सगळ्यात मोठी रुंदी एकदाच, लूपच्या – दर पट्टीला पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या – बाहेर लिहून मोकळी झाले होते. काठाबाहेर, कोरड्या बांधावरही, प्रोग्राम शेजारची खोली धरून पाणी भरत होता. ती ओळ आत घेतली. उत्तर बरोबर आलं. जुने आकडे घालून पाहिले – तरीही बरोबर.

अहवालात मी लिहिलं, "सुधारित मोजणीनुसार."

खोटं यात कुठे होतं? एका शब्दात होतं. तो मी विचार करून निवडला होता.

काका घरी आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. मग खालच्या आवाजात विचारलं, "पयली मोजणी खरंच चुकली व्हती काय?"

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "थोडीशी. होतं असं, काका."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी त्यांची सून बाजारात भेटली. म्हणाली, मामंजींनी होडी पुतण्याला देऊन टाकली. आता नजर धड राहिली न्हाय, म्हणतात, तळ्याची खोलीपण चुकली माझी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर येत नाहीत.

मी तिच्याशी मासळीच्या भावाबद्दल बोलले आणि निघाले.

काका गेल्या वर्षी वारले. त्यांची नजर चांगली होती. मला ते माहीत होतं.