पामटर हरिचंद्र

बदलापूरपासून दीड कोसावर, नदीकाठच्या त्या आगऱ्यांच्या गावात कुणालाही विचारा, हरिचंद्र कोण? "कोण, पामटर काय?" असंच म्हणेल. प्रॉम्प्टर हा शब्द मुंबईच्या कुठल्याशा नाटक कंपनीतून निघाला आणि खाचरातला चिखल तुडवत गावात येईपर्यंत त्याचा पामटर झाला.

हरिचंद्राला त्यात कमीपणा वाटत नसे. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात नदीच्या गाळपेरात कलिंगडं आणि चैत्रात हनुमानजयंतीचं नाटक, असं त्याचं वर्ष आखलेलं. डावीकडच्या विंगेत उलट्या टोपलीवर तो बसायचा, मांडीवर वही, आणि नटाच्या अर्धा श्वास पुढं राहून सांगायचा. आता सांगायचं म्हणजे कुजबुजायचं. पण हरिचंद्राचा गळा बैलांना हाकून तयार झालेला, त्यात कुजबुजण्याची सोयच नव्हती. त्यामुळं गावाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी हरिचंद्राकडून, मग राजाकडून. एकदा कुणाचा तरी कल्याणचा पाहुणा यावर हसला, तर म्हातारी गोदूबाई त्याच्यावर खेकसली, "हसतंस काय? पयल्यांदा निसटलं तं दुसऱ्यांदा घावतं. तुमच्या कल्यानात हाय काय अशी सोय?"

हे सगळं खरं तर एकाच माणसासाठी होतं. चंदूसाठी. चंदू म्हणजे गावाचा कायमचा नायक. उंच, नाकेला, आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हशीवाली मान वर करून बघेल. फक्त पाठांतराच्या नावानं देवानं त्याच्या डोक्यात काही ठेवलं नव्हतं. शाळेत कविता म्हणायला तो उभा राहिला की मागच्या बाकावरून हरी सांगायचा. पुढं चंदू राम झाला, हरिश्चंद्र झाला, अर्जुन झाला, आणि प्रत्येकाच्या तोंडात शब्द घातले ते आमच्या पामटरानं. चंदूचं पुढलं वाक्य हरवलं की त्याची डावी भुवई उडायची. ती उडायच्या आत हरी सांगून मोकळा. बारा वर्षं हा संसार बिनबोभाट चालला होता.

मग चंदू अंबरनाथच्या आगपेट्यांच्या कारखान्यात लागला. खोली घेतली, बायको नेली. बदलापूर ते अंबरनाथ म्हणजे एका स्टेशनाचा प्रवास. पहिल्या वर्षी तो दर रविवारी येई. मग सणासुदीला येऊ लागला. सहाव्या वर्षी, म्हणजे चोपन्न साली, तो नुसता नाटकापुरता उरला. आला की हरी विचारायचा, "बरं हाय ना?" चंदू म्हणायचा, "बरं हाय. तुझं?" आणि मग दोघंही नदीकडं बघत बसायचे. पण वही उघडली की सगळं जागच्या जागी येई. हरीला ठाऊक होतं, आपल्या दोघांत आता एवढी एक वहीच शिल्लक आहे.

त्या वर्षी नाटक बसवणाऱ्या अनंता मास्तरांच्या मनानं घेतलं की देवादिकांचं पुरे झालं, यंदा सामाजिक नाटक करायचं, नवं, आपलं. त्यांनी ते स्वतःच लिहिलं. नाव ठेवलं 'एका बांधाचे दोघे'. लहानपणचे दोन दोस्त, दोघांची खाचरं एका बांधाला लागून. एक शहरात जातो, दुसरा मागं राहतो. वर्षांनी भेटतात तेव्हा बोलायला काही सापडत नाही. मास्तरांनी भाषाही गावातलीच ठेवली होती. तालमीला आलेली माणसं कुरकुरली, "यात नाटक कंचं? असं तं आमी रोज बोलतू." हे कुणावरून लिहिलंय ते मात्र सगळ्यांना कळलं. कळलं नाही ते फक्त दोघांना. हरी म्हणाला, "मास्तर, कोनाची हो ही गोष्ट? बिचारे." मास्तरांनी चष्मा पुसला.

शहरातला दोस्त चंदू करणार, गावातला देऊ नावाचा गडी. चंदूला तालमींना येता येईना, म्हणून हरीनं सवयीनं त्याचं काम मोठ्या अक्षरांत उतरवून अंबरनाथला पोचतं केलं. तो ते वाचणार नाही, हे धरूनच.

चंदू उगवला तो थेट नाटकाच्या आदल्या दिवशी. अंगात कल्याण कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडून मागून आणलेला काळा कोट. तालीम सुरू झाली. हरीनं पहिलं वाक्य सांगायला तोंड उघडलं, तर चंदू ते बोलून पुढं गेलेला. दुसरंही. तिसरंही. हरी पानं उलटत त्याच्या मागं धावत होता. सगळा अंक झाला, भुवई एकदाही हलली नाही. मंडळी तोंडात बोट घालून बघत राहिली.

चंदू घाम पुसत विंगेत आला. "हरी, यंदा तू खाली बस. लोकांत. मजेत नाटक बघ."

"आनी सांगंल कोन?"

"मना पाठ हाय सगळा."

"बरं हाय," हरी म्हणाला. वही बगलेत मारून घरी आला आणि भाकरीला हात लावीना.

काशीनं, त्याच्या बायकोनं, जरा वेळ बघितलं. "पाठ केलन् म्हनून रुसलाव? सुटलाव की तुमी. घशाला आराम."

"अठरा वर्सं नाय पाठ झाला. आता कसा झाला?"

"झाला आसंल. शिकतं मानूस."

"माज्याबिगर शिकला," हरी म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. काशीनं ताट झाकलं. हे दुखणं काही काढा देऊन जाण्यातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाटक दुपारी तीनला होतं. चंदूची रातपाळी, रजा मिळाली नाही, साडेसहाची गाडी गाठायची. म्हणून गावाच्या इतिहासात पहिल्यांदा उन्हात नाटक. बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकलेल्या, वर जांभळीच्या डहाळ्या. म्हातारे कपाळावर हात धरून बसले होते. "दुपारचा नाटक म्हंजी, भुतां तरी कवा दिसायची?" असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मास्तरांनी सांगितलं, यात भूत नाही. "मंग ऱ्हायला काय?"

हरी खाली बसला नाही. तो आपल्या टोपलीवर होता. पामटरानं जागा सोडायची नसते, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं होतं.

पहिला अंक सरळ गेला. हरी गप्प. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, वाक्य एकदाच येई आणि निघून जाई. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघांच्या भेटीचा प्रसंग आला. बांधावर देऊ बसलेला. काळ्या कोटात चंदू येऊन उभा राहतो. देऊ वर न बघता विचारतो, "कवा आयलास?"

चंदूनं बोलायचं होतं. तो बोलला नाही.

हरीचे कान टवकारले. नाटकात माणूस गप्प झाला म्हणजे विसरला, तिसरं कारण त्याला माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे मेला. त्यानं सांगितलं, "आत्ताच आयलू." चंदू तसाच. हरीनं आवाज चढवला, "आत्ताच आयलू! गारी व्हती, आयलू!"

लोकांत हशा फुटला. "आरं चंदू, हरी बोलतंय ना! आयक की!" गोदूबाई तर समाधानानं म्हणाली, "आता कसा नाटकासारका वाटला!" चंदूचा चेहरा लालभडक. कसंबसं वाक्य टाकून त्यानं अंक संपवला. पडदा पडला तसा तो विंगेत घुसला.

"थांबलू व्हतू मी, मेल्या! मुद्दाम!"

"मुद्दाम कोन इसरतं?"

"इसरलू नाय! थांबलू! तो विचारतं कवा आयलास, तवा याच्या गल्यात येतं काय तरी. बोलवत नाय. ते दावायचं व्हतं. कारखान्यात नाटकमंडळी हाय आमची, तिथला नाटकवाला शिकवतं तसा."

हरी वहीकडं बघत राहिला. "यात लिवलं नाय तसा."

"सगळा लिवतंय काय कोन?"

"मंग माजी काय चूक?" हरीचा आवाज पहिल्यांदा खरोखर कुजबुजण्याइतका खाली आला होता. "मना काय ठावं, तू आता गप बसाया पन शिकलास ते. मना वाटला, गेलास."

चंदू काहीतरी खमंग बोलणार होता. ते त्यानं गिळलं. टोपलीशेजारी उकिडवा बसला, कोटाची पर्वा न करता.

"कसा पाठ केला सांगू? रातपाळीला, मशीनच्या गोंगाटात. नुसता वाचून डोक्यात जाईना. मंग पयला तुज्यासारका वरडायचू, 'आत्ताच आयलू,' मंग माज्या आवाजात बोलायचू. परतेक वाक्य दोनदा. बाजूचा भय्या बोलला, यहाँ दो आदमी काम करता है क्या?"

हरी हसला नाही, पण मान वळवली. "खाली बस कशाला बोललास मंग?"

"अठरा वर्सं तू वहीत बघतंस. मना कवा बघितलंस तू?"

बाहेर तिसऱ्या अंकाची घंटा झाली. चंदू उठला, कोटाची माती झाडत म्हणाला, "या अंकात परत थांबनार हाय मी. जास्ती. काय करशील?"

"काय करनार. बसतू."

"वही?"

हरीनं वही मिटून टोपलीखाली सारली.

तिसऱ्या अंकात देऊ म्हणतो, "जातंस काय परत?" आणि चंदू थांबला. खरंच जास्ती थांबला. हरी वहीविना बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर आवळून. जन्मात पहिल्यांदा तो नुसत्या भुवईकडं नाही, चंदूच्या सगळ्या तोंडाकडं बघत होता. भुवई जागेवर होती. पण ओठ असे काही हलत होते की हरीच्या स्वतःच्याच गळ्यात काहीतरी येऊन बसलं.

लोकांतून हाक आली, "हरी! झोपलास काय रं? सांग की त्याला!" दुसरा ओरडला, "पामटर! ओ पामटर!" हशा पिकायच्या बेतात होता.

हरीनं विंगेच्या पडद्यातून अख्खं डोकं बाहेर काढलं आणि बैलांना दटावावं तसं गावाला दटावलं, "गप बसा रं सगळी! थांबलाय तो!"

गाव गप्प झालं. गोदूबाईसुद्धा. देऊ बांधावरून हलला नाही. चंदूनं विंगेकडं बघितलं नाही, पण त्याचे खांदे सैल झाले, आणि मग त्यानं बोलायची अजिबात घाई केली नाही.