चाकामागची चकती

घाटाखालच्या अलोऱ्यात भिकाजी शिगवणच्या हाताला नावाजणारी माणसं पुष्कळ होती. वीज प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये त्याने तीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली आणि निवृत्त झाल्यावर चिपळूण रस्त्याला पत्र्याची शेड घालून स्वतःची जुनी लेथ मांडली. पंपाचा शाफ्ट असो की भातगिरणीचा बुश, लोक म्हणायचे, "भिकाजीकडे टाका, केसाचा फरक राहायचा नाय." ते ऐकायला त्याला आवडायचं. बायको हौसा हसून म्हणायची, "लोखंड तेवढं ऐकतं तुमचं."

एकुलती एक मुलगी दीपाली हर्णेला दिलेली. जावई स्वरूप स्वतःची पिकअप चालवायचा. संध्याकाळी बंदरावर लिलाव आटोपला की मासळीचे क्रेट भरून घाट चढायचा, कराडला माल उतरवायचा आणि सकाळी भाजी घेऊन परतायचा. वाट अलोऱ्यावरूनच. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी शेडपाशी गाडी लावून तो सासऱ्याबरोबर चहा प्यायचा. बोलायला कमी, पण येऊन बसायचा. भिकाजीला मुलगा नव्हता. त्याच्या येण्याची त्याला सवय लागली होती.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात स्वरूपने गाडीला रुंद टायर घातले. ते आतल्या बाजूने स्प्रिंगच्या पाट्यांना घासू लागले. तो म्हणाला, "मामा, मागची चाकं जरा बाहेर घ्यायचीत. दोन चकत्या कातून द्या ना."

हब आणि चाक यांच्यामध्ये, चाकाचे नट ज्यांवर आवळतात त्या स्टडांत ओवून बसवायची ही जाड कडी. गॅरेजवाले तिला स्पेसर म्हणतात. भिकाजीने चहाचा कप खाली ठेवला. "नाय हो स्वरूपराव. चाक बाहेर सरकवलंत की बेअरिंगवर भार येतो. आणि चकतीच्या जाडीइतका स्टड आत गेला, तर नटाला धरायला आटे किती उरतात? टायर परत करा."

पुढच्या खेपेला त्याने पुन्हा विचारलं. भिकाजीने पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेला स्वरूपने मोबाइल पुढे केला. "तयार मिळतात मामा. मागवूनच टाकतो."

फोटोतल्या चकत्या बिडाच्या होत्या, मधलं भोक ढगळ. असल्या चकत्यांवर माझा जावई घाट उतरणार? लावणारच असेल तर निदान माझ्या हातच्या तरी असू देत. हा विचार भिकाजीच्या मनात आला आणि तिथेच त्याचा नकार संपला.

दोन दिवस खपून त्याने चकत्या कातल्या. पोलादाच्या, हबवर अगदी अंगासरशा बसणाऱ्या. पण लांब स्टड चिपळुणात मिळेनात. कोल्हापुराहून यायला आठ दिवस लागणार होते.

"आठ दिवस गाडी उभी कशी ठेवू, मामा? आत्ता कुठे मासळी लागायला लागलीय."

भिकाजीने जुन्या स्टडवर नट फिरवून मोजलं. सहा आटे. कमी होते. कमी आहेत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी जुन्याच स्टडवर चाकं चढवून तो म्हणाला, "आठ दिवस निघतील. शंभर किलोमीटर झाले की नट आवळून घ्या. आणि गाडी हलकी भरा."

दोन दिवसांनी स्वरूप आला तो खुशीतच. "गाडी वळणावर अशी चिकटून बसते मामा, काय सांगू!" त्या दिवशी भिकाजी दोन घास जास्त जेवला.

स्टड आठवडाभरातच आले. त्याने लगेच फोन केला. स्वरूप कराडच्या वाटेवर होता. "उद्या येताना थांबतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला त्याचाच फोन आला. "मामा, कोयनानगरला चहाला थांबलोय. डाव्या मागच्या चाकातून टकटक येतेय."

"नट बघितलेत?"

"दोन सैल होते, आवळले. पण आवाज हाय थोडा."

गाडी तिथेच ठेवा, मी येतो, असं भिकाजीच्या ओठांवर आलं होतं. पण गाडीत भाजी भरलेली, शेडपासून कोयनानगर काही लांब नाही, आणि आपण मापात कातलेल्या चकत्या. तो म्हणाला, "हळू हळू उतरा. मी सगळं काढून ठेवतो."

त्याने जॅक काढला, पाना काढला, नवे स्टड फडक्यावर ओळीने मांडले. हौसाला म्हणाला, "स्वरूपराव येतायत, पोहे टाक." दहा वाजले. साडेदहा वाजले. तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मग घाटाच्या दिशेने एक अँब्युलन्स गेली. भिकाजी तसाच, शेड उघडी टाकून, समोरून येणाऱ्या रिक्षाला हात करत धावला.

घाटाच्या खालच्या वळणावर चाक निखळलं होतं. गाडी कठडा फोडून खाली गेली होती. उतारावर फ्लॉवर आणि गाजरं विखुरली होती. स्वरूपला वर आणलं तेव्हा अंगात जीव उरला नव्हता.

निखळलेलं चाक लोकांनी कडेला आणून ठेवलं होतं. हबवर चकती तशीच बसलेली, कुठे तडा नाही. तुटले होते ते स्टड. जमलेल्यांतला एक मेकॅनिक म्हणाला, "काम बघा काय सुरेख केलंय! आणि स्टड मात्र जुनेच. कुणी केलं हे?" भिकाजी गर्दीतून मागे सरला.

पोलिसांनी लिहिलं, चालकाचा ताबा सुटला. हर्णेला बारावं झालं. दीपाली भिंतीला टेकून बसायची, आलेल्या बायांना म्हणायची, "ते कधी जोरात चालवत नव्हते हो." ते शब्द भिकाजीला ऐकवेनात. तेराव्या दिवशी दुपारी तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"दीपा, त्या चकत्या मी केल्या होत्या."

"ठाऊक हाय आप्पा. त्यांनीच सांगितलं होतं. आप्पांनी मन लावून केल्या म्हणून."

"स्टड आखूड होते. मला कळत होतं." "आणि त्या सकाळी त्यांचा फोन आलेला. चाक वाजतंय म्हणाले. मी म्हटलं, हळू उतरा."

ती म्हणाली, "थांबा म्हणाला असतात तर थांबले असते ते. तुमचा शब्द कधी मोडला नाय त्यांनी."

"होय."

तिने पदर तोंडात कोंबला आणि ती उठून आत गेली.

भिकाजी चिपळूणला गेला आणि पोलिसांना सगळं सांगितलं. हवालदार म्हणाला, "आता कशाला काका? गेलेला माणूस परत येणार हाय का?" भिकाजी हलला नाही. शेवटी जबाब लिहून घेतला. त्याच्यावर खटला उभा राहिला आहे, तारखा पडतात, तो जातो. शेड त्याने बंद केली नाही. चकत्या मागायला अजून ड्रायव्हर येतात. तो त्यांना बसवतो आणि जावयाची गोष्ट पहिल्यापासून सांगतो, फोनसकट. काही टायर बदलतात. काही मान हलवतात आणि दुसरीकडून करून घेतात.

दर महिन्याला तो हौसाबरोबर हर्णेला जायचा. तीन एसट्या बदलून. दीपाली आता अंगणवाडीत मदतनीस आहे. बापाला चहा द्यायची, तब्येत विचारायची, जेवताना त्याच्या आवडीची सुकी मासळी वाढायची. तो पडवीत बसून राहायचा.

गेल्या शिमग्यानंतर ती त्याला स्टँडवर पोचवायला आली. हौसा खिडकीची जागा धरायला पुढे गेली तेवढ्यात दीपाली म्हणाली, "आप्पा, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"तुम्ही येत जाऊ नका. मी रागात नाय. पण तुम्ही समोर बसलात की ते दारातून येतील असं वाटत राहतं. तुमच्याबरोबर चहा प्यायला. तुम्ही गेलात की मला दोन दिवस उठवत नाय."

भिकाजीने मान डोलावली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

आता हौसा एकटीच जाते. तो तिला अलोऱ्याच्या थांब्यावर सोडायला येतो, पिशवी वर चढवून देतो. एसटी दिसेनाशी झाली तरी थोडा वेळ तिथेच उभा असतो. मग रस्ता ओलांडून शेडकडे वळतो.