तांदूळ वाढले

आमच्या झाकणसरांइतका दुसऱ्याच्या ताटात डोळा असलेला माणूस अख्ख्या कोकणपट्टीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, कारण या एकट्यानेच मला जन्माचा ताप दिलेला आहे. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शाळा बोर्ली पंचतनच्या खाली, समुद्राच्या अंगाला. अर्धी मुलं कोळीवाड्यातली, अर्धी वरच्या भातशेतीच्या गावांतली. सरांचं खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं होतं. भांडं दिसलं की झाकण उचलून आत बघायचं, हा त्यांचा कुळाचार, त्यावरून पोरांनी त्यांना झाकणसर केलं. 'झाकण' म्हणजे मुंबईच्या बोलीत मूर्ख, हे पोरांना पक्कं ठाऊक होतं. सरांनाही होतं. "असू दे की हो," म्हणायचे, "झाकण नसलं तर मांजर तोंड घालतं."

नमस्कार-चमत्कार हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. एसटीच्या थांब्यावर भेटा, देवळात भेटा, पहिला प्रश्न ठरलेला, "काल रात्री काय?" आमटीभात म्हणून सुटका नाही. आमटी कसली, बरोबर काय होतं, उरलं का, उरलं तर सकाळी कुणी खाल्लं, इथपर्यंत चौकशी. खोटं बोललेलं त्यांना लगेच कळायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी दारातच विचारलं, "काल रात्री काय?" साहेब लालबुंद. त्यांना वाटलं, पिण्याबद्दल विचारतायत. लग्नाला गेलो की सर मांडवात कधीच सापडायचे नाहीत. मुरुडला आमच्या शिपाईमामांच्या मुलीच्या लग्नात वराकडचे लोक त्यांना शोधत होते, तर हे आचाऱ्यापाशी, एका हातात टोपाचं झाकण, चष्म्यावर वाफ, आणि तोंडाने चौकशी, "उरलं तर कुणाकडे जाणार?" माझे सासरे गेले तेव्हा भेटायला आले, घटकाभर डोळे टिपले आणि उठून तरातरा स्वयंपाकघरात. माझ्या जाऊबाई किंचाळायच्याच बाकी होत्या. चुलीवरचं रिकामं पातेलं बघून सर निघून गेले. संध्याकाळी किटलीभर पेज घेऊन हजर. पेज खारट ढोण झाली होती. आम्ही सगळ्यांनी ती गपगुमान प्यायली, कारण सकाळपासून आमच्या पोटात काही नाही हे त्या घरात दुसऱ्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तर अशा माणसाच्या हाती एके वर्षी ते 'डिझाइन थिंकिंग' पडलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत म्हणा! शहरातून एक ताई शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आल्या. रंगीत चिठ्ठ्या, जाड पेनं, भिंतीवर चिकटवायचे कागद असा सगळा सरंजाम. मुलांनी गट करायचे, एखादा प्रश्न घ्यायचा, लोकांना भेटायचं, उपाय शोधायचा, करून बघायचा. आम्ही बाकीचे जांभया देत होतो. ताई म्हणाल्या, "पहिली पायरी समानुभूती." सर ताडकन उभे राहिले. "म्हणजे झाकण उचलणं!" ताई बिचाऱ्या हसल्या आणि हो म्हणाल्या. झालं. त्या दिवसापासून आपण आयुष्यभर जे केलं त्याला शास्त्राचा आधार आहे, अशा तोऱ्यात सर हिंडू लागले.

विषय दिलेला होता अन्नसुरक्षा. नववीच्या वर्गात सरांनी विचारलं, सुरक्षा म्हणजे काय रे? एकजण उठला. "सर, माझे बाबा मुंबईला सिक्युरिटीत हायत. तसंच. भाताला वॉचमन ठेवायचा." मी खिडकीतून ऐकत होते, मला हसू आवरेना. सर मात्र गंभीर. "बरोबर. मग चोर कोण?" वर्ग ओरडला, माकडं! डुकरं! मागच्या बाकावरून कोळीवाड्यातली प्राची म्हणाली, "पाऊस." सगळे वळून बघायला लागले. "होड्या वर ओढल्या की नारळीपुनवेपातुर घरात काय येत न्हाय, सर. चोर पाऊसच." सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पाऊस' लिहिलं.

मग मुलं घरोघर गेली. वरच्या गावचा एक, कोळीवाड्यातला एक, अशा जोड्या. श्रावण चालू होता. विचारायचं एवढंच, घरात तांदूळ किती आहेत? आता आमच्याकडची रीत अशी की घरात तांदूळ संपले असं कुणी तोंडाने म्हणत नाही. अवलक्षण ते. तांदूळ वाढले म्हणायचं. जसं कुंकू वाढलं, बांगडी वाढवली, तसं. डबा खरवडून झाला की बाई शेजारणीला हळूच सांगते, "वाढले गं तांदूळ," आणि शेजारीण न बोलता ओंजळ भरते. मुलांनी ऐकलं तसं चिठ्ठीवर लिहिलं. वर्गाच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्यांची रांग लागली. तांदूळ वाढले. तांदूळ वाढले. तांदूळ वाढले. त्यातली एक प्राचीने स्वतःच्या घरची लिहिली होती. रेशन आहे ना, असं मी शहाणपणाने विचारलं. सर म्हणाले, "तिच्या आईचा अंगठा यंत्राला लागत नाही, बाई. बर्फ आणि मीठ हाताळून रेघाच गेल्यात." 

उपाय मुलांनीच काढला. शाळेमागे सामानाची एक जुनी खोली होती, तिची त्यांनी कोठी केली. भात झोडून झाल्यावर वरच्या मुलांनी घरटी पायलीभर तांदूळ आणले. थंडी सरता सरता कोळीवाड्यातल्या मुलांनी सुकट आणि बोंबील आणले. पावसात ज्याचं वाढलं त्याने न्यायचं, वरच्यांनी सुकट, खालच्यांनी तांदूळ. पूर्वी हे दोन्हीकडचे लोक अशीच अदलाबदल करायचे म्हणतात. कोण काय नेतो हे बघायला कुणी बसायचं नाही, हा सरांचा कायदा. शाळेला सुकटीचा वास सुटला. माझं व्याकरणाचं पुस्तकसुद्धा बोंबलासारखं वास मारायला लागलं, मी रोज भांडायचे. सर म्हणायचे, "वास येतोय म्हणजे आहे. वास जाईल तेव्हा भांडा." सरांची निवृत्ती श्रावणअखेर होती. तेवढा एक श्रावण कोठीने काढलेला डोळ्यांनी बघायचा आणि मग जायचं, एवढीच त्यांची इच्छा. दुसरं काही त्या माणसाने मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि मग, शिमग्याच्या सुमारास, शाळाशाळांच्या या उपक्रमांचं मूल्यमापन करून बक्षीस ठरवणारे साहेब आले. गोरेगोमटे, गोड बोलणारे, मराठी नावाचे, पण मराठी उरलं होतं ते नावापुरतंच. त्यांनी कोठीत डोकावून नाकाला रुमाल लावला आणि वर्गात येऊन भिंतीसमोर उभे राहिले. वाचता वाचता चेहरा फुलला. "तांदूळ वाढले! सगळीकडे वाढले! व्वा सर, एका वर्षात हा रिझल्ट?" सर म्हणाले, "साहेब, वाढले म्हणजे संपले." साहेब खो खो हसले. "सर, तुमचा विनोद भारी आहे हं!" सरांनी पुन्हा तोंड उघडलं, तोच आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांचा खांदा दाबला. अध्यक्ष इथलेच. त्यांच्या आईने जन्मभर तांदूळ वाढले म्हटलेलं त्यांनी ऐकलेलं. त्यांना अर्थ कळला नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. साहेबांनी लाभार्थ्यांची यादी मागितली तेव्हा सर एवढंच म्हणाले, "भुकेल्याची यादी करू नये, पंगत करावी." तेही साहेबांना फार आवडलं, त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

बक्षीस मिळालं. न मिळायला काय झालं! अहवालात लिहून आलं की परिसरात तांदूळ वाढल्यामुळे कोठीचं उद्दिष्ट पूर्ण झालं आहे, सबब त्या खोलीत नवकल्पना कक्ष व्हावा. उद्घाटन कधी? भर श्रावणात! आदल्या दिवशी दोन माणसं लावून कोठी रिकामी केली. श्रावणात पाहुण्यांच्या नाकाशी सुकट नको म्हणून ती मागे खड्डा खणून पुरली. देवा रे, माणसाने खायचं ते मातीत! आणि तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून, ऐका, त्यांचा पाहुण्यांसाठी मसालेभात केला. जिथे कोठी होती तिथे टेबलावर त्याच कोठीचं थर्माकोलचं मॉडेल मांडलं, आत लाल-हिरवे दिवे. मॉडेलमधली पोती मात्र भरलेली होती, कापसाने.

मी वाढायला उभी होते. सर आले, सवयीने मोठ्या टोपाचं झाकण उचललं. वाफ चष्म्यावर बसली. त्यांनी वास घेतला, तांदूळ ओळखला असणार, आणि झाकण हळूच परत ठेवलं. काही विचारलं नाही. उरलं तर कुणाकडे जाणार, हेही नाही. तेवढ्यात फाटकाशी प्राचीची आई दिसली. काखेत घडी केलेली पिशवी. मांडव, गाड्या, फुलांची कमान बघून ती थबकली. स्वागताला उभ्या असलेल्या कुणीतरी हात जोडले, "या या, जेवून जा." तिने पिशवी पदराखाली सारली. "जेवन झालंय आमचं," म्हणाली आणि वळली. सर तिच्या मागे गेले, ते सत्कारालाही परत आले नाहीत. व्यासपीठावर त्यांची शाल खुर्चीलाच पांघरली.

चार दिवसांनी मी तणतणत त्यांच्या घरी गेले. म्हटलं, भांडला का नाहीत? टोप उलटा का नाही केलात? सर एकटेच असायचे, वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. "बसा, चहा टाकतो," म्हणाले. मी बसले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तांदळाच्या डब्याचं झाकण उचललं. आत पत्र्याचा तळ. कोळीवाड्यातल्या कुणाकुणाच्या पिशव्या तिथे भरल्या गेल्या होत्या, ते विचारायची गरज नव्हती. सर ओशाळून हसले, पोरासारखे. "वाढले हो, बाई." मला रडू आलं, आणि त्यांच्यापुढे रडायला लागू नये म्हणून मी आणखी जोरात ओरडले.

आता ते माणगावला मुलीकडे असतात. तिच्या स्वयंपाकघरात सगळे डबे काचेचे, आतलं सगळं बाहेरून दिसतं. झाकण उचलायचं कारणच उरलं नाही, अशी त्यांची तक्रार असते. रोज संध्याकाळी फोन येतो, "काल रात्री काय?" मी खरं ते सांगते. नवकल्पना कक्षाला कुलूप आहे, मॉडेलमधला कापूस उंदरांनी नेला, हेही सांगून झालं. परवा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं, "प्राचीकडे कसं आहे?"

"वाढले, सर."

सरांनी विचारलं, "कुठले? साहेबांचे वाढले की आपले?"

"आपले."

"मग वाढा, बाई," सर म्हणाले आणि फोन ठेवला. मी उठले, आमच्या डब्याचं झाकण काढलं आणि पिशवी शोधायला लागले.