दोष गाडीतच निघू दे

उज्जैनला मामांकडे जायचं म्हणजे पोहे, गप्पा आणि दुपारची झोप, हे माझं लहानपणापासूनचं समीकरण. या वेळी मात्र डिकीत दोन कॅमेरे, एक डेटा लॉगर आणि वायरींची भेंडोळी होती. शर्यतीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांत ही यंत्रणा बसवणं हा पुण्यातला माझा धंदा. वेग किती होता, ॲक्सिलरेटर कधी सुटला, ब्रेक कधी दाबला, सगळं त्यात नोंदलं जातं. मामांचा फोन आला होता, "लॅपला टाइम जास्त लागून राहिलाय, बेटा. टायर बदलले, ब्रेक पॅड बदलले. गाडीत काहीतरी गडबड आहे, तू येऊन पकड."

मामा सदुसष्ट वर्षांचे. रेल्वेत लोको इन्स्पेक्टर होते. इंजिनातल्या स्पीड रेकॉर्डरचे चार्ट वाचून कुठल्या ड्रायव्हरने ब्रेक उशिरा लावला ते शोधायचं आणि वेळ पडली तर त्याला इंजिनावरून उतरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी हॅचबॅक घेतली, मागची सीट काढून, गाडी उलटलीच तर म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला आणि इंदूरपलीकडच्या एका खासगी ट्रॅकवर महिन्यातून एकदा जायला लागले. आमच्या अख्ख्या खानदानात इतकं मजेतलं म्हातारपण कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

पहाटे पाचला पुणं सोडलं. नाशिक, धुळे, शिरपूर हा रस्ता चांगला आहे. पुढे सेंधव्याच्या अलीकडे घाटात ट्रकांच्या रांगेत दीड तास गेला. तुम्ही जाणार असाल तर तेवढा वेळ धरूनच निघा आणि जेवण धुळ्यातच उरकून घ्या. उज्जैनच्या माधव नगरात मामांच्या घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि पाठीचं पार भुसकट झालं होतं.

मामा अंगणात गाडी पुसत होते. मामी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा तिने लाटणं थांबवलं आणि हळूच म्हणाली, "दोष गाडीतच निघू दे गं." मी हसून म्हटलं, गाडीतच असतो, मामी. वीस वर्षांची म्हातारी आहे ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टावर चौकात पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव इतकी, की पोहे शोधावे लागतात. मग कामाला लागलो. एक कॅमेरा पिंजऱ्याच्या आडव्या पाइपवर, समोरच्या रस्त्यासाठी. दुसरा खाली, पायांवर रोखलेला. जीपीएसची अँटेना छतावर, लॉगरचा डबा सीटमागे बोल्टने पक्का. ब्रेकच्या पाइपला प्रेशर सेन्सर जोडला की आत हवा शिरते. ती काढताना मामा आत बसून पेडल मारत होते आणि एकीकडे जुन्या ड्रायव्हरांचे किस्से सांगत होते.

चाचणी सोपी असते. मी लॅपटॉप घेऊन समोर उभी. हात खाली केला की त्यांनी ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक दाबायचा. ॲक्सिलरेटरची हिरवी रेघ उतरली, पण ब्रेकची लाल रेघ उशिरा चढली. वायर बदलली, तरी तेच. सेन्सर बदलला, तरी तेच. शेवटी मी स्वतः आत बसले आणि मामांना हात खाली करायला सांगितलं. लाल रेघ ताबडतोब चढली.

"काय झालं?" मामांनी विचारलं. नवीन सेन्सर आहे, बसायला वेळ लागतो, असं मी ठोकून दिलं. सेन्सरला असला काही वेळ लागत नाही. मामी खिडकीतून बघत होती. मला स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक. ऊन कडक, सावलीला एक पत्र्याची शेड तेवढी, तेव्हा पाणी घरून न्या. मामांनी आठ लॅप मारले. मी प्रत्येक लॅपला देवाला म्हणत होते, गिअरबॉक्स जाऊ दे, इंजिन जाऊ दे, काहीही जाऊ दे. गाडी ठणठणीत परत आली.

स्क्रीनवर मामांना वाचता येत नाही. "कागदावर आण," म्हणाले. म्हणून संध्याकाळी परत टावर चौक, एका झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट. मामांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. मग त्यांनी प्रत्येक लॅपमध्ये हिरव्या आणि लाल रेघेमधल्या मोकळ्या जागेला गोल केला. आठ गोल. शेवटचे पहिल्यांपेक्षा मोठे.

"ड्रायव्हरचं नाव नाही लिहिलंस," ते म्हणाले.

त्यांनीच वर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली ऑफिसातल्या हिंदीत एक ओळ: ड्यूटी से उतारा जाए. मग सही केली, तारीख घातली. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "चार्ट खोटं नाही बोलत, बेटा. मी किती लोकांना हे सांगितलंय."

ते उठून व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. उतरवलेले ड्रायव्हर विनवण्या करायला घरी येत, ते त्याच खुर्चीत बसायचे आणि मामी त्यांना चहा द्यायची, हे मला तिनेच नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी तिने मामांना चहा नेऊन दिला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी आत बसून रडले.

परत येऊन दोन आठवडे झाले. मामांच्या पायाचं काय ते बघायला इंदूरच्या डॉक्टरची वेळ मिळाली आहे. गाडी अंगणात झाकून ठेवली आहे. काल मी पहिल्यांदा ते फुटेज आवाजासकट ऐकलं. प्रिंटमध्ये आवाज नसतो. तिसऱ्या लॅपला, लांब वळण संपल्यावर, इंजिनाच्या घरघरीत मामा स्वतःशीच म्हणतात, "गाडी ठीक है."

त्यानंतर त्यांनी आणखी पाच लॅप मारले होते.